मोटार उरली, होडी शोधायची आहे

जुन्या आउटबोर्ड मोटारी, म्हणजे होडीच्या मागच्या फळीवर कसायची सुटी इंजिने, टिकतात. ॲल्युमिनियमचे ओतीव भाग, दट्टे, पितळी चकत्या असे सगळे सामान अडगळीत पन्नास वर्षे पडून राहिले तरी साफसफाई करून आणि मॅग्नेटोची वेटोळी बदलून अशी मोटार पुष्कळदा पुन्हा बोलू लागते. तिच्यासाठी बांधलेली शर्यतीची होडी मात्र टिकत नाही. ती बांधतानाच पातळ लाकडाची, शक्य तितकी हलकी बांधलेली असते. दोन-चार हंगाम तिचे हाल होतात. पुढे नवी, अधिक वेगवान होडी आली की जुनी अंगणात उलटी पडते. पावसाने डिंक सुटतो, फळ्यांचे पदर फुगतात आणि शेवटी ती जाळण्याच्या कामी येते.

त्यामुळे अशी मोटार ज्याच्या हाती येते त्याच्यापुढे इतिहासाचा प्रश्न उभा राहतो: ही मोटार कोणत्या होडीवर धावत होती? बहुतेक जण या प्रश्नाला वळसा घालतात आणि मिळेल त्या छोट्या होडीच्या मागच्या फळीवर मोटार कसून मोकळे होतात. मोटार चालते, होडीही पुढे जाते, पण मोटार ज्या कामासाठी घडवली होती ते काम दिसत नाही. शर्यतीची आउटबोर्ड मोटार आणि तिची हायड्रोप्लेन, म्हणजे वेगात पाण्यावर उचलली जाणारी होडी, यांचा विचार त्या काळी जोडीनेच होत असे. म्हणून एक नमुना समोर ठेवून, उरलेल्या कागदांच्या आधारे हरवलेली होडी कुठवर उभी करता येते ते पाहू. नमुना आहे १९५० च्या सुमारास बाजारात आलेली अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातली मर्क्युरी केजी-७.

सरकारी दप्तर का मुके आहे

वाहनाचा इतिहास शोधणारा आधी सरकारी नोंदीकडे वळतो. गाडीला नंबर असतो, जहाजाला नोंदणी असते. अमेरिकेतल्या या छोट्या होड्यांच्या बाबतीत मात्र तिथे जवळजवळ काहीच मिळत नाही, आणि त्याचे कारण कायद्यातच लिहिलेले आहे.

७ जून १९१८ च्या कायद्याने यंत्रावर चालणाऱ्या छोट्या नौकांना क्रमांक देणे सक्तीचे केले. त्याच कायद्यात अपवादही घातला. लांबी सोळा फुटांपेक्षा जास्त नसेल आणि काढता-घालता येणारी मोटार तात्पुरती बसवली असेल, तर अशा होडीला क्रमांक लागत नाही. शर्यतीच्या आउटबोर्ड होड्या साधारण दहा ते तेरा फुटांच्या. म्हणजे चाळीस वर्षे त्या कायद्यानेच दप्तराबाहेर राहिल्या. १९५८ च्या केंद्रीय नौकाविहार कायद्याने हा नियम बदलला, तेव्हा क्रमांकाची सक्ती आली ती १० अश्वशक्तीपेक्षा अधिक ताकदीच्या यंत्रावर. केजी-७ च्या अंगावर कारखान्याने लिहिलेली ताकद नेमकी १० अश्वशक्ती. कागदावरच्या या आकड्यामुळे ती नव्या रेषेच्याही अलीकडेच राहिली.

होडीच्या अंगावर कोरलेला क्रमांक आला तो याहून उशिरा, १९७१ च्या नौका सुरक्षा कायद्यानंतर, १९७२ च्या नोव्हेंबरपासून. म्हणून १९५० च्या होडीवर असा क्रमांक नसणे हा तिच्याविरुद्धचा पुरावा होत नाही. उलट कारखान्याने मुळातच घातलेला क्रमांक दिसला, तर ती होडी त्या काळातली नाही असे निश्चित म्हणता येते.

मधला एक कायदा मात्र वेगळ्या तऱ्हेने उपयोगी पडतो. १९४० च्या मोटारबोट कायद्याने छोट्या नौकांवर काही साधने ठेवणे बंधनकारक केले, पण आधी जाहीर केलेल्या शर्यतीत उतरलेल्या आउटबोर्ड होड्यांना त्यातल्या काही सक्तींतून सूट दिली. केवळ शर्यतीसाठीच बांधलेली होडी सरावाला आणि जुळवणीला पाण्यात असेल तेव्हाही ही सूट लागू होती. ‘केवळ शर्यतीसाठीच बांधलेली’ असा वर्ग कायद्याने मान्य केला, यावरून दोन गोष्टी कळतात. अशा होड्या तेव्हा एवढ्या संख्येने होत्या की अमेरिकी काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, त्यांचा विचार करावा लागला. आणि त्या इतर कशाच्याही उपयोगाच्या नव्हत्या. एक माणूस, एक मोटार आणि थोडे इंधन एवढेच त्यांच्यात मावत असे.

मोटारीच्या अंगावरचा कागद

सरकारी दप्तर गप्प असले तरी मोटार स्वतः थोडे बोलते. तिच्यावरच्या पट्टीवर मॉडेलची अक्षरे आणि अनुक्रमांक असतो. केजी-७ ही दोन सिलिंडरांची, टू-स्ट्रोक, १९.८ घनइंचांची, म्हणजे सुमारे ३२४ घनसेंटिमीटरची मोटार. आपल्या शोधात अश्वशक्तीपेक्षा या १९.८ चे वजन मोठे आहे.

१९०३ मध्ये स्थापन झालेली अमेरिकन पॉवर बोट असोसिएशन ही तिथल्या मोटारनौका शर्यतींची मुख्य संस्था. आउटबोर्ड शर्यतींत होड्यांची प्रतवारी मोटारीच्या घनइंचांवरून होऊ लागली. ‘ए’ वर्ग आधी १४ आणि पुढे १५ घनइंचांपर्यंतचा, ‘बी’ २० पर्यंतचा, ‘सी’ ३० चा आणि ‘एफ’ ६० चा. १९.८ हा आकडा योगायोगाने आलेला नाही. वर्गाची मर्यादा जेवढी देते तेवढे जवळजवळ सगळे घेऊन ही मोटार आखलेली आहे. म्हणजे आपल्या होडीचे पहिले लक्षण मिळाले: ती ‘बी’ वर्गाची होती.

दुसरे लक्षण अक्षरांच्या शेपटीत आहे. साधी केजी-७ मासेमारीला आणि सहलीलाही जाई. ‘क्यू’ किंवा ‘एच’ हे अक्षर जोडलेली मोटार मात्र क्विकसिल्व्हर नावाचा शर्यतीचा खालचा भाग घेऊन येत असे. तो सडपातळ असतो. पाण्यात जितके कमी धातू बुडेल तितके बरे, हा त्यामागचा विचार. खालचा भाग बदलला की मोटारीची उंची बदलते, आणि मग होडीची मागची फळीही त्या उंचीची लागते. म्हणून मोटार पाहताना तिचे डोके आणि पाय एकाच जन्माचे आहेत का, हे आधी तपासावे. शर्यतीतून निवृत्त झालेल्या मोटारीला मासेमारीचा पाय लावलेला किंवा त्याच्या उलट प्रकार पुष्कळदा आढळतो.

कारखान्याचा इतिहासही इथे साक्ष देतो. कार्ल किकहेफर यांनी १९३९ च्या सुरुवातीला विस्कॉन्सिनमधल्या सीडरबर्ग इथला एक डबघाईला आलेला कारखाना घेतला. तिथे आधीच्या मालकांनी बनवलेल्या आणि गिऱ्हाईकाने नाकारलेल्या काही शे आउटबोर्ड मोटारी पडून होत्या. दुसरे काही बनवण्याचा बेत बाजूला ठेवून किकहेफर यांनी त्या दुरुस्त करून विकल्या आणि तिथून मर्क्युरीचा जन्म झाला. १९४७ मध्ये ‘लायटनिंग’ नावाची केई-७ आली, पाठोपाठ केएफ-७ आणि मग केजी-७. या मोटारींत दोन सिलिंडर एकावर एक ठेवलेले आणि आळीपाळीने पेटणारे, तर फिरणाऱ्या भागांना सुई आणि रोलर बेअरिंगे दिलेली. कागदावर १० अश्वशक्ती, पण पाण्यातली करामत पाहून ती याहून जास्त ताकदीची आहे हे सगळ्यांनी ओळखले होते.

एकच वर्ग, दोन होड्या

आता ‘बी’ वर्गाची कोणतीही जुनी हायड्रोप्लेन घेतली की काम झाले, असे वाटेल. शोध इथेच चुकतो. १९३० च्या सुमाराची जॉन्सन कंपनीची एसआर ही मोटारही २० घनइंचांच्या आतली, म्हणजे ‘बी’ वर्गाचीच. पण एसआर नवी असताना ती ज्या होडीवर बसत होती आणि केजी-७ नवी असताना ती ज्या होडीवर बसत होती, त्या दोन होड्यांचे तळ निरनिराळ्या विचारांतून आलेले आहेत. हा फरक पेटंटच्या कागदांतून आणि तज्ज्ञांच्या अहवालांतून तारीखवार लावता येतो.

सुरुवात इंग्लंडमध्ये झाली. १८७२ मध्ये ससेक्समधले रेव्हरंड चार्ल्स मीड रेमस यांनी ब्रिटिश नौदलाला एक कल्पना कळवली. जहाजाचा तळ सपाट सलग न ठेवता एकामागे एक अशा दोन पाचरींच्या आकाराचा करावा, म्हणजे वेग वाढला की ते पाणी कापत जाण्याऐवजी पाण्यावर उचलले जाईल. नौदलाने ती नौका-अभियंते विल्यम फ्राउड यांच्याकडे पाठवली. फ्राउड यांनी टॉर्की इथल्या आपल्या हौदात नमुने ओढून पाहिले. निष्कर्ष प्रतिकूल आला: त्या काळच्या वाफेच्या यंत्रांना स्वतःच्या वजनाच्या मानाने एवढी ताकदच नव्हती की जहाज त्या वेगापर्यंत पोहोचावे. कल्पना बाद झाली ती यंत्राच्या वजनामुळे, तळाच्या आकारामुळे नव्हे. पुढच्या सगळ्या इतिहासाची किल्ली या नकारात आहे.

पेट्रोलचे इंजिन आले आणि हा अडसर गेला. विल्यम हेन्री फॉबर या फ्रान्समध्ये काम करणाऱ्या अमेरिकी संशोधकाने १९०८ च्या सुमारास तळाला अनेक पायऱ्या देणाऱ्या होड्यांची पेटंटे घेतली. पायरीचे काम साधे आहे. वेगात पाणी पायरीच्या काठावरून सुटते, मागे हवेची पोकळी राहते, आणि तळाचा फार थोडा भाग ओला उरतो. पाण्याचे घर्षण ओल्या पृष्ठभागावर अवलंबून असल्याने तेवढ्याने वेग वाढतो. १९१२ मध्ये टॉम सोपविथ यांनी अमेरिकेत जाऊन मोटारनौका शर्यतीचा हार्म्सवर्थ करंडक जिंकला तो मेपल लीफ-४ या पाच पायऱ्यांच्या होडीने.

आउटबोर्डचे कागद याच सुमारास सुरू होतात. डेट्रॉइटच्या कॅमेरॉन वॉटरमन यांचे पेटंट १९०७ चे. नॉर्वेत जन्मलेले, विस्कॉन्सिनमध्ये वाढलेले ओले एव्हिनरूड १९०९ मध्ये आपली मोटार विकू लागले आणि त्यांना २२ ऑगस्ट १९११ रोजी पेटंट मिळाले. ती मोटार दीड अश्वशक्तीची आणि ६२ पौंडांची. अश्वशक्तीमागे चाळीसहून अधिक पौंड! तिच्या मालकाला वल्ह्यांपासून सुटका हवी होती, पाण्यावर उडायचे नव्हते. फ्राउड यांचा नकार इथेही लागू पडतो.

गणित बदलले १९२० नंतर. एव्हिनरूड यांनी १९२१ मध्ये ॲल्युमिनियमचा भरपूर वापर करून एल्टो नावाची दोन सिलिंडरांची हलकी मोटार काढली. इंडियानातल्या जॉन्सन बंधूंनी लगेच दोन अश्वशक्तीची, ३५ पौंडांची ‘लाइट ट्विन’ आणली. १९२६ ची जॉन्सन ‘बिग ट्विन’ सहा अश्वशक्तीची होती, तर १९२८ ची एल्टो ‘क्वाड’ चार सिलिंडरांची आणि १८ अश्वशक्तीची. सहा-सात वर्षांत आउटबोर्ड मोटार एवढी बळावली की एका माणसाची छोटी होडी ती सहज पाण्यावर उचलू लागली. रेमस यांच्या पाचरींना हवे ते यंत्र अखेर सापडले.

तेव्हाची शर्यतीची आउटबोर्ड होडी म्हणजे एका पायरीची हायड्रोप्लेन. नाळेकडून साधारण निम्म्या अंतरावर तळाला एक आडवी पायरी, तिथपर्यंतचा तळ किंचित वर उचललेला आणि मागचा भाग सपाट. न्यू जर्सीतल्या नॉर्थ बर्गन इथले फ्रेड जेकोबी हे १९३० च्या दशकातले राष्ट्रीय विजेते शर्यतपटू. ते स्वतः अशा होड्या बांधतही असत आणि त्यांच्या होड्यांचे नाव त्या काळच्या शर्यतींशी घट्ट जोडलेले आहे. १९३० ची जॉन्सन एसआर तिच्या मूळ रूपात उभी करायची असेल, तर आधार या पायरीच्या होडीचा.

मग १९३८ चा कागद येतो. न्यू जर्सीच्या व्हेंटनॉर इथले होडीबांधणीकार अडॉल्फ एपल आणि त्यांचे चिरंजीव आर्नो यांना त्या वर्षी एका हायड्रोप्लेनचे पेटंट मंजूर झाले. त्यात तळाला आडवी पायरी नाही. पुढच्या दोन्ही बगलांना स्पॉन्सन नावाचे दोन छोटे पाय आहेत आणि मधला भाग वर उचललेला आहे. वेगात होडी फक्त तीन ठिकाणी पाण्याला टेकते: दोन स्पॉन्सनांच्या मागच्या टोकांवर आणि सर्वांत मागे. मधल्या पोकळीत शिरलेली हवा तिला आणखी उचलून धरते. पायरीच्या होडीला पाणी उचलते. एपल यांच्या होडीला पाणी आणि हवा दोन्ही उचलतात. याच तत्त्वाचा परवाना घेऊन बांधलेल्या ब्लू बर्ड के-४ मधून माल्कम कॅम्पबेल यांनी १९ ऑगस्ट १९३९ रोजी इंग्लंडमधल्या कॉनिस्टन तलावावर ताशी १४१.७४ मैलांचा जलवेगाचा विक्रम केला.

लगेच युद्ध आले. शर्यती थंडावल्या, मोटारींचे कारखाने युद्धाच्या कामाला लागले. शर्यती पुन्हा सुरू झाल्या तेव्हा छोट्या आउटबोर्ड होड्यांतही तीन बिंदूंचा तळ पसरला. २६ जून १९५० रोजी सिएटलजवळ लेक वॉशिंग्टनवर स्लो-मो-शन-४ या तीन बिंदूंच्या होडीने ताशी १६० मैल ओलांडले आणि या तळाविषयी शंका उरली नाही. केजी-७ त्याच सुमारास बाजारात आली. तिचे पहिले शर्यतपटू जी नवी होडी घेऊ पाहत होते ती तीन बिंदूंची होती.

लाकडाची साक्ष

होडीचा एखादा तुकडा जरी सापडला तरी त्याचे लाकूड वाचता येते. १९३४ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या ॲबरडीन इथे जेम्स नेव्हिन यांनी प्लायवूडसाठी पाण्याला दाद न देणारा कृत्रिम डिंक तयार केला. त्यानंतर फर लाकडाचे जलरोधक प्लायवूड मोठ्या प्रमाणावर आले आणि युद्धाने त्याला आणखी वाव दिला. पन्नाशीतली आउटबोर्ड हायड्रोप्लेन ही याच प्लायवूडची लेक. तळाला साधारण पाव इंच जाडीचे, डेकला त्याहून पातळ प्लायवूड किंवा विमानाच्या पंखांसारखे ताणून रोगण दिलेले कापड, आणि आत हलक्या लाकडाचा सांगाडा.

इथे घाईचा निष्कर्ष टाळला पाहिजे. ‘प्लायवूड आहे, म्हणजे होडी १९३४ नंतरची’ हे म्हणणे टिकत नाही. मिशिगनमधल्या लडिंग्टनच्या हेन्री हॅस्केल यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळातच रक्तातल्या अल्ब्युमिनपासून केलेल्या डिंकाने पाण्यात टिकणारे प्लायवूड बनवले होते आणि त्याच्या डोंग्याही विकल्या होत्या. म्हणून एकट्या लाकडाच्या बळावर काळ ठरवू नये. लाकूड, खिळे-स्क्रू, डिंक आणि तळाचा आकार हे चौघे एकच काळ सांगत असतील तर विश्वास ठेवावा. त्यांत स्पॉन्सनची साक्ष सर्वांत भारी.

मासिकांतले आराखडे आणि डेकवरचा नंबर

या होड्या सगळ्या कारखान्यात झाल्या नाहीत. ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’, ‘सायन्स अँड मेकॅनिक्स’ अशी मासिके होड्यांचे आराखडे मापांसह छापत. वाचक त्यावरून गॅरेजमध्ये होडी बांधत. हॅल केली यांच्यासारखे शर्यतीची जाण असलेले आराखडेकार याच वाटेने हजारो घरांत पोहोचले. त्यांच्या ‘बेन-हर’ या छोट्या हायड्रोप्लेनचा आराखडा आजही हौशी लोक बांधायला घेतात.

आपल्या शोधात हे आराखडे सर्वांत मोलाचे. कारखान्याची जाहिरात होडीची लांबी आणि रंग सांगते. आराखडा सांगाड्याच्या प्रत्येक आडव्या फळीचे माप, स्पॉन्सनाचा कोन, मागच्या फळीची उंची आणि कोणत्या मोटारीसाठी ती आखली, हे सगळे सांगतो. जाहिरातीतून होडी ओळखता येते. आराखड्यातून ती पुन्हा बांधता येते. एक सावधगिरी मात्र हवी. बांधणारा आराखडा तंतोतंत पाळेच असे नाही. कोणी लांबी वाढवली, कोणी स्वतःच्या वजनाप्रमाणे बसण्याची जागा मागेपुढे केली. म्हणून छापील मापांशी न जुळणारी जुनी होडी खोटी ठरवण्यापूर्वी फरक कुठे आहेत ते पाहावे. ते तळाच्या मूळ रेषांत असतील तर होडी दुसरी. माणसाच्या सोयीच्या जागी असतील तर होडी तीच, मालक निराळा.

फोटो मिळाला तर डेकवरचा नंबर वाचावा. पॉवर बोट असोसिएशनच्या पद्धतीत अंकांसोबत येणारे अक्षर शर्यतपटूचा प्रांत दाखवते. त्यावरून शोध देशभर न भटकता एका प्रांतातल्या क्लबांच्या पत्रकांकडे, निकालांकडे आणि स्थानिक वर्तमानपत्रांकडे वळतो. पण नंबर शर्यतपटूचा असतो, होडीचा नव्हे. त्याने होडी बदलली की तोच नंबर नव्या डेकवर जातो. फोटोतला नंबर जुळला म्हणून होडी जुळली असे होत नाही. तिथे पुन्हा तळ आणि डेकच्या रेषाच पाहाव्या लागतात.

होडी आणि मोटार एकमेकींना कशी ओळखतात

कागद संपले की खुद्द वस्तू तपासायची. पन्नाशीतल्या ‘बी’ हायड्रोप्लेनमध्ये शर्यतपटू बसत नसे, गुडघे टेकून पुढे वाकत असे. तळाशी गुडघ्यांची गादी असते. उजव्या हाताला सुकाणूचे चाक, त्याच्या तारा कप्प्यांवरून मागे मोटारीपर्यंत. डाव्या हाताला दाबून धरायची थ्रॉटलची मूठ. ती सोडली की इंधन बंद, म्हणजे माणूस पाण्यात पडला तरी मोटार मोकाट धावत नाही. शर्यतीची फेरी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, सगळी वळणे डावीकडे. म्हणून वळणावर होडीला पाण्यात धरून ठेवणारे धातूचे पाते डाव्या बाजूला झुकलेले असते. कप्प्यांची, मुठीची, पात्याची भोके बुजवलेली असली तरी दिसतात. ही भोके जिथे आहेत ती शर्यतीची होडी. जिथे नाहीत ती नुसती तिच्यासारखी दिसणारी.

शेवटची ओळख मागच्या फळीवर पटते. शर्यतीच्या आउटबोर्डचा पंखा फार खोल चालत नाही. त्याचा दांडा तळाच्या रेषेजवळ आणलेला असतो. मोटार थोडी खाली गेली तर पाय पाण्यात जास्त बुडतो आणि वेग मरतो. थोडी वर गेली तर पंखा हवा गिळतो आणि नुसता फिरतो. जुळवणी पाव इंचाहूनही लहान फरकाने केली जाते. म्हणून आपल्या मोटारीच्या पायाची लांबी मोजावी आणि ती होडीच्या मागच्या फळीच्या उंचीशी ताडून पाहावी. फळी नंतर कापलेली किंवा वर लाकूड जोडून वाढवलेली असेल, तर त्या होडीने मध्यंतरी दुसरी मोटार पाहिली आहे.

नीट जुळलेल्या या जोडीचा वेग साधारण ताशी ६० मैलांच्या आसपास जात असे. पाण्यापासून वीतभर उंचीवर गुडघे टेकलेल्या माणसाला तो किती वाटत असेल याची कल्पना करावी.

मोटारीचे वर्ष एकच नसते

आता मुख्य मुद्दा. आतापर्यंतची मांडणी ‘मोटार नवी असताना’ या शब्दांवर उभी आहे. शर्यतीच्या मोटारी मात्र नव्या असतानाच धावल्या असे नाही. केजी-७ नंतर आलेली मार्क २०एच ही त्याच घराण्याची मोटार कारखान्याने बनवणे थांबवल्यावरही बराच काळ ‘बी’ वर्गात धावत राहिली, कारण नियम त्या मोटारीभोवती लिहिले गेले होते आणि शर्यतपटूंकडे तिचे भाग होते. युद्धापूर्वीच्या आमनेसामने सिलिंडरांच्या मोटारीही युद्धानंतर नव्या, तीन बिंदूंच्या होड्यांवर बसल्या. दरम्यान होड्या बदलत गेल्या. १९५८ मध्ये ह्युबर्ट एन्ट्रॉप यांनी लेक वॉशिंग्टनवर मर्क्युरीच्या मोठ्या मोटारीने ताशी १०७.८२१ मैल गाठले, तेव्हा त्यांच्या होडीत माणूस मागे मोटारीजवळ नव्हता, पुढे नाळेकडे होता.

याचा अर्थ असा की एकाच मोटारीच्या आयुष्यात दोन-तीन पिढ्यांच्या होड्या येऊन गेलेल्या असू शकतात आणि त्या सगळ्याच तिच्या खऱ्या होड्या आहेत. ‘या मोटारीची योग्य होडी कोणती’ हा प्रश्न म्हणून अपुरा आहे. ‘या मोटारीच्या कोणत्या वर्षाची होडी’ असे विचारले की कागद उत्तर देऊ लागतात. मोटारीवरचे बदल हीच तिच्या वर्षांची नोंदवही असते. मूळ पाय आणि मूळ कार्ब्युरेटर असेल तर सुरुवातीची वर्षे धरावीत. नंतरचे भाग बसवलेले असतील तर तिचे शर्यतीतले शेवटचे वर्ष तेच तिचे वर्ष मानावे. ते भाग काढून तिला बळेच ‘मूळ’ करणे म्हणजे तिचा खरा इतिहास पुसणे.

समोर ठेवलेल्या केजी-७ चा निकाल असा. पाय क्विकसिल्व्हरचा असेल आणि इतर भाग पहिल्या घडणीचे असतील, तर तिची होडी १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धातली, साधारण दहा फुटांची, प्लायवूडची, तीन बिंदूंची आणि गुडघ्यांवर बसण्याची. एका पायरीची जुनी हायड्रोप्लेन कितीही देखणी असली तरी ती जॉन्सन एसआरच्या पिढीची. ती केजी-७ ला देऊ नये. पाय साधा असेल तर ही मोटार हायड्रोप्लेनची होती असे कागदाच्या आधाराशिवाय म्हणू नये. तिला रनअबाउट, म्हणजे साधी सहलीची होडी शोभते. आणि त्या काळची होडी मिळालीच नाही, तर जीर्ण तुकड्यांची जोडाजोड करून ‘अस्सल’ म्हणवण्यापेक्षा त्याच वर्षांत छापलेल्या आराखड्यावरून नवी बांधावी. ती आज बांधली आहे हे आतल्या फळीवर तारखेसह लिहावे, आराखड्याचे नाव लिहावे, आणि मोटारीचा अनुक्रमांकही लिहावा. सरकारने या होड्यांची नोंद ठेवली नाही. ती बांधणाऱ्यानेच ठेवली पाहिजे.